कावेरीकाठचे इंग्रजी व्याकरण

कुंभकोणम् म्हटले की आपल्याकडच्या वाचकास बहुधा देवळे आठवतात, बारा वर्षांनी भरणारा महामहम् उत्सव आठवतो. आणि नोकरीनिमित्त ज्याने दक्षिणेत चार वर्षे काढली आहेत त्याला तेथील विड्याची पाने व पितळी पेल्यातली कॉफी आठवते. परंतु ह्या गावाची ख्याती एके काळी आणखी एका गोष्टीसाठी होती, आणि ती गोष्ट म्हणजे इंग्रजी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील सरकारी कॉलेजास 'दक्षिण हिंदुस्थानचे केंब्रिज' म्हणत. कावेरीच्या काठी, देवळांच्या सावलीत वाढलेल्या मुलांनी परकी भाषेचे व्याकरण घोटावे आणि त्या बळावर संस्थानांची दिवाणगिरी मिळवावी, हा प्रकार मुळात कुतूहलाचा आहे. त्यात मराठी माणसांचा वाटा केवढा होता हे पाहू लागलो, म्हणजे ह्या इतिहासाशी आपलाही काही ऋणानुबंध असल्याचे ध्यानात येते.

तंजावरास भोसल्यांचे राज्य सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थापन झाले आणि १८५५ साली दुसऱ्या शिवाजीच्या मृत्यूबरोबर त्याची अखेर झाली. ह्या काळात कावेरीच्या खोऱ्यात मराठी ही दरबाराची व हिशेबाची भाषा होती. तमिळ मुलखात मोडी लिपीत दफ्तर चालत असे, आणि त्या दफ्तराचे गठ्ठे तंजावरास अद्यापि जतन केलेले आहेत. कारकुनी हा ज्यांचा पिढीजात व्यवसाय, अशी देशस्थ कुटुंबे तंजावर, कुंभकोणम् आणि आसपासच्या अग्रहारांत स्थायिक झाली. त्यांचे भांडवल जमिनीहून लेखणीत अधिक होते. अशा माणसास राज्यकर्त्याची भाषा बदलली की आपली लेखणीही बदलावी लागते.

ह्या बदलाची चाहूल फार लवकर लागली. तंजावरचा रेसिडेंट जॉन सलिव्हन आणि जर्मन मिशनरी श्वार्ट्झ ह्यांच्या प्रयत्नाने १७८५ च्या सुमारास तंजावर, रामनाद व शिवगंगा येथे इंग्रजी शिकवणाऱ्या शाळा निघाल्या, आणि १७८७ साली कंपनीच्या डायरेक्टरांनी अशा प्रत्येक शाळेस वार्षिक अडीचशे पॅगोडा मंजूर केले. हेतू उघड होता. दुभाष्याच्या मध्यस्थीवाचून येथील प्रतिष्ठित लोकांशी व्यवहार करता यावा, ही कंपनीची गरज होती. मेकॉलेचे प्रसिद्ध टिपण १८३५ चे. म्हणजे त्याच्या जवळजवळ अर्धशतक आधी तंजावर प्रांतात इंग्रजीचे धडे सुरू झाले होते.

त्याच श्वार्ट्झच्या देखरेखीखाली वाढलेला राजा म्हणजे दुसरा सरफोजी. त्याने १७९८ ते १८३२ पर्यंत राज्य केले. पैकी १७९९ च्या तहानंतर ते राज्य बव्हंशी नावाचेच उरले. सत्ता गेली तरी जिज्ञासा गेली नाही, हा ह्या राजाचा विशेष. सरस्वती महाल ग्रंथालय त्याने वाढविले, आणि १८०५ च्या सुमारास देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला. त्या छापखान्यातून इसापच्या नीतिकथांचे 'बालबोध मुक्तावली' हे मराठी भाषांतर बाहेर पडले. मुंबईस शाळाखात्याची मराठी पुस्तके निघण्यापूर्वी तमिळ देशात मराठी मुलांसाठी कथा छापल्या जात होत्या, ही गोष्ट आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात सांगितली जाते. पण ती पुरेशी मनावर घेतली जात नाही. सरफोजीच्या दृष्टीने पाश्चात्त्य विद्या मराठीत आणावयाची होती. पुढच्या पिढीने नेमका उलटा मार्ग धरला, कारण पोटाचा प्रश्न त्या बाजूने सुटत होता.

१८४४ साली गव्हर्नर-जनरल हार्डिंगने सरकारी नोकऱ्यांत इंग्रजी शिकलेल्यांस प्राधान्य देण्याचा ठराव केला. त्या ठरावाचा अर्थ कारकुनी घराण्यांस समजावून सांगावा लागला नाही. कुंभकोणम् येथे १८२८ साली जन्मलेले टी. माधवराव अशाच घराण्यातले. त्यांचे वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव ह्या दोघांनीही त्रावणकोरची दिवाणगिरी केलेली. मुलास मद्रासेस पॉवेल नावाच्या गणितज्ञ शिक्षकाच्या हायस्कुलात घातले आणि १८४६ साली तो मानाने उत्तीर्ण झाला. पुढे अकाउंटंट-जनरलच्या कचेरीत नोकरी, त्रावणकोरच्या राजपुत्रांची शिकवणी, १८५७ पासून त्या संस्थानची दिवाणगिरी, नंतर इंदूर आणि १८७५ ते १८८२ पर्यंत बडोदे, असा त्यांचा चढता क्रम आहे. हिशेबी कचेरीतून कारकीर्द सुरू झालेला हा गृहस्थ सर टी. माधवराव म्हणून सर्व हिंदुस्थानात गाजला, ही गोष्ट आम्हा कचेरीतल्या मंडळींस सुखद वाटावी अशीच आहे.

बडोद्याचा प्रसंग तर विचार करण्यासारखा आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून दत्तक आणलेल्या सयाजीरावांस राज्यकारभाराचे शिक्षण देण्यासाठी माधवरावांनी जी व्याख्याने दिली, ती 'मायनर हिंट्स' ह्या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध आहेत. बोलणारा मराठी, ऐकणारा मराठी आणि भाषा इंग्रजी! दोघांच्या मराठीत दोन शतकांचे आणि शेकडो मैलांचे अंतर पडले होते. पण केवळ तेवढ्यामुळे असे घडले नाही. कायदा, अंदाजपत्रक, करार हा नवा राज्यकारभारच इंग्रजीत जन्मला होता आणि त्याची परिभाषा त्या काळी मराठीत सिद्ध झालेली नव्हती. माधवरावांचे चुलतबंधू दिवाणबहादूर आर. रघुनाथराव ह्यांचाही जन्म कुंभकोणम्‌चाच. तेही इंदूरचे दिवाण झाले आणि विधवाविवाहाच्या चळवळीत मद्रास इलाख्यात अग्रणी ठरले.

स्वतः कुंभकोणम्‌ला सरकारी शाळा निघाली ती १८५४ साली, आणि १८६७ साली तिचे कॉलेज झाले. विल्यम आर्चर पोर्टर हे प्राचार्य आणि टी. गोपाळराव हे अध्यापक, ह्या दोघांच्या नावावर त्या कॉलेजची कीर्ती उभी राहिली. गावात गोपाळरावांच्या नावाचे ग्रंथालय निघाले. गावाने एका शिक्षकाची आठवण ग्रंथालयाच्या रूपाने ठेवावी, ह्याहून अधिक चांगले स्मारक सुचणे कठीण आहे.

दरम्यान १८५७ साली मद्रास विद्यापीठ स्थापन झाले आणि मॅट्रिक्युलेशन ही परीक्षा आली. ह्या परीक्षेत इंग्रजी अनिवार्य. गणितात मुलगा कितीही हुशार असो, इंग्रजीत घसरला की सारेच गेले. त्यामुळे शालेय जीवनाची शेवटची वर्षे म्हणजे इंग्रजी व्याकरणाची तालीम असे समीकरण होऊन बसले. वाक्याचे पृथक्करण करा, प्रयोग बदला, प्रत्यक्ष भाषण अप्रत्यक्षात मांडा, गाळलेल्या जागी योग्य अव्यय घाला, समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्द द्या, ही प्रश्नांची घडण त्या काळी रुजली. पुढे नेसफील्डची व्याकरणे आली, आणि १९३० नंतरच्या दशकात रेन व मार्टिन ह्यांचे पुस्तक आले. त्यातले रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीस होते. आपल्याकडे तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर ज्यांची इंग्रजी पोसली, त्यांस ह्या तालमीची चव निराळी सांगावयास नको.

येथे क्षणभर थांबून ही तालीम आपल्या मुलांस एवढी जड का जाते हे पाहणे इष्ट होईल. इंग्रजीतील उपपदे मराठीत नाहीत, तशी तमिळमध्येही नाहीत. इंग्रजीत नामाच्या आधी येणारी शब्दयोगी अव्यये आपल्याकडे नामाच्या मागे येतात. तमिळचीही रीत तीच. परक्याचे बोलणे सांगताना आपण 'मी उद्या येतो असे तो म्हणाला' म्हणतो, म्हणजे बोलणाराचा 'मी' आणि त्याचा वर्तमानकाळ जसाच्या तसा ठेवतो. तमिळ माणूसही 'एन्‌ऱु' हा शब्द जोडून हेच करतो. इंग्रजीला मात्र 'मी'चा 'तो' करावा लागतो आणि काळही मागे सरकवावा लागतो. प्रयोगाच्या बाबतीत तर मराठी मुलाची विशेष फसगत होते. 'रामाने पत्र लिहिले' ह्यास आपले व्याकरण कर्मणी प्रयोग म्हणते. इंग्रजीत त्याच वाक्याचे भाषांतर कर्तरीच होते. तमिळमध्ये 'पडु' हे साहाय्यक क्रियापद लावून कर्मणी रचना होते, पण ती ग्रंथात, बोलण्यात क्वचितच. तेव्हा ह्या मुलांस जे चूक ठरवले जाते, त्यातले पुष्कळसे त्यांच्या मातृभाषेच्या नियमाप्रमाणे बिनचूक असते. शिक्षकाने एवढे जरी उलगडून सांगितले तरी निम्मी भीती जाते. दुर्दैवाने नियम पाठ करून घेण्याकडेच ओढा अधिक, कारण परीक्षेस कारणे विचारीत नाहीत.

ह्या परीक्षेने कुंभकोणम्‌च्या दोन मुलांस जे दिले आणि जे नाकारले, ते शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे. पहिले व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री. जवळच्याच वलंगैमान गावी १८६९ साली एका गरीब पुरोहिताच्या घरी त्यांचा जन्म झाला. कुंभकोणम्‌च्या नेटिव्ह हायस्कुलात आणि मग सरकारी कॉलेजात ते शिकले, पुढे मद्रासेस हेडमास्तर झाले. इंग्रजी शब्दाच्या योग्यायोग्यतेविषयी त्यांचा कटाक्ष प्रसिद्ध होता. १९०७ साली ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले, आणि १९१५ साली गोखले निवर्तल्यावर पुण्याच्या त्या संस्थेचे अध्यक्षपद कुंभकोणम्‌च्या ह्या तमिळ शिक्षकाकडे आले. गोखले आणि शास्त्री ह्यांस जोडणारी भाषा मराठी नव्हती की तमिळ नव्हती. इंग्रजीने प्रांताप्रांतांतील माणसे जवळ आणली ह्या विधानाला ह्याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

दुसरा मुलगा श्रीनिवास रामानुजन्. सारंगपाणी देवळासमोरच्या रस्त्यावर त्याचे घर. टाउन हायस्कूल ही त्याची शाळा. १८९७ साली प्राथमिक परीक्षेत त्याने जिल्ह्यात वरचे गुण मिळविले, आणि त्या विषयांत इंग्रजीही होते. डिसेंबर १९०३ मध्ये तो मॅट्रिक झाला आणि १९०४ च्या आरंभी सरकारी कॉलेजात त्याला जी शिष्यवृत्ती मिळाली, ती सामान्यतः इंग्रजी आणि गणित ह्या दोन विषयांतील प्रावीण्याबद्दल देण्यात येत असे. वर्ष पुरे होते न होते तोच गणिताने त्याला असे झपाटले की इतर विषय मागे पडले. इंग्रजी निबंधात तो नापास झाला आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या पचय्यप्पा कॉलेजातून एकदा आणि बाहेरून एकदा त्याने एफ. ए. ची परीक्षा दिली, परंतु दोन्ही वेळा अपयश आले. पदवी नाही म्हणून नोकरी नाही, अशा अवस्थेत वर्षे गेली, आणि १९१२ साली मद्रास बंदराच्या कचेरीत तीस रुपये पगारावर तो कारकून झाला. जानेवारी १९१३ मध्ये त्याने केंब्रिजच्या हार्डींस पत्र लिहिले. १९१८ साली रॉयल सोसायटीने त्याला आपला सभासद केले आणि १९२० साली तो वारला.

रामानुजन्‌ची कथा सांगून परीक्षेस नावे ठेवणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. ज्या भाषेच्या पेपराने त्याची शिष्यवृत्ती घालविली, त्याच भाषेतल्या पत्राने त्याला केंब्रिजचा दरवाजा उघडला. टाउन हायस्कुलात शिकलेले इंग्रजी त्या पत्रापुरते, प्रमेये मांडण्यापुरते, आपली हकीकत सरळपणे सांगण्यापुरते पुष्कळ होते. तेव्हा दोष इंग्रजी शिकविण्यात नव्हता. एका विषयातल्या उणेपणावरून साऱ्या बुद्धीची किंमत करण्याची जी पद्धत बसली, ती घातक होती. ह्या पद्धतीने किती रामानुजन् गमावले ह्याची मोजदाद कोणी ठेवली नाही; नापास झालेल्यांचे चरित्र लिहिले जात नसते.

आणखी एक जमाखर्च मांडणे आपल्यास भाग आहे. माधवरावांच्या पिढीने इंग्रजी कमावले आणि त्यापुढच्या पिढ्यांनी मोडी सोडली. कुंभकोणम्, तंजावरच्या मराठी घरांतून आजही एक मराठी बोलली जाते, तमिळ शब्दांनी आणि तमिळ हेलाने भरलेली. ती कानाला गोड लागते, पण ती बोलणाऱ्यांतील पुष्कळांस देवनागरी वाचता येत नाही. बाहेर तमिळ आणि कचेरीत इंग्रजी, ह्या दोहोंमध्ये घरच्या भाषेस शाळेत कोठेच जागा उरली नाही. तिला कोणी मनाई केली नव्हती. एवढेच झाले की तिची कोणी परीक्षा घेतली नाही.

मॅट्रिक जाऊन १९११ च्या सुमारास शालान्त प्रमाणपत्राची पद्धत आली, अकरा इयत्तांच्या १९७८ पासून दहा आणि दोन झाल्या, मद्रास राज्य १९६९ साली तमिळनाडू झाले. प्रश्नपत्रिकेतले समानार्थी शब्द आणि प्रयोग बदलण्याचे प्रश्न मात्र कायम आहेत. आपण ज्या स्पर्धापरीक्षांतून केंद्र सरकारच्या नोकरीत आलो, त्यांतही हेच प्रश्न होते, आणि बदलीच्या गावी आपली मुले आज हेच प्रश्न सोडवीत आहेत. त्यांनी ते जरूर सोडवावेत. पोटाची आणि जगाची वाट त्यातून जाते, हे कुंभकोणम्‌ने दीडशे वर्षांपूर्वी ओळखले होते. पण मुलाच्या शेजारी बसून इंग्रजी वाक्य सोडवताना तेच वाक्य मराठीत कसे चालते हेही त्याला दाखवावे. त्याने इंग्रजीचा नियम लवकर समजेल, आणि कोणत्याही परीक्षेत न विचारली जाणारी आपली भाषा त्या घरात आणखी एक पिढी वाचली जाईल. शाळा हे काम करणार नाही. ते संध्याकाळी घरी परतलेल्या आपल्यालाच करावे लागेल.