बार्सिलोना बंदरावरील रज्जुमार्गाचा काल

पोथीच्या समाप्तीस लिहिलेला शक ग्रंथरचनेचा कीं नकलेचा, हा प्रश्न आमच्या वाचकांस नवा नाहीं. तोच प्रश्न एका अर्वाचीन लोखंडी वास्तूविषयीं कसा उद्भवतो, याचें स्पेन देशांतील एक उदाहरण येथें सादर करतों.

बार्सिलोना शहराचें जुनें बंदर ओलांडणारा हा रज्जुमार्ग समुद्रकांठच्या सान सेबास्तिआ मनोऱ्यापासून निघतो, धक्क्यावरील पहिला जाउमे या मनोऱ्यावरून जातो व मोंजुइक टेकडीवर मिरामार स्थानकांत संपतो. पहिला मनोरा ७८ मीटर व दुसरा १०७ मीटर उंच असून मार्गाची लांबी सुमारें १,३०० मीटर आहे. ताणलेल्या जाड पोलादी दोरावर डबा चाकांनीं लटकतो व दुसरा दोर त्यास ओढतो. एक डबा टेकडीकडे चढतो तेव्हां दुसरा समुद्राकडे उतरतो, आणि उतरणाऱ्याचा भार चढणाऱ्याच्या कामीं येतो. हें काम लाइपझिग येथील ब्लाइखर्ट कंपनीनें केलें.

हा मार्ग १९२९ च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठीं बांधला, असें सर्रास सांगतात. हेतूच्या दृष्टीनें हें खरें आहे. परंतु त्यावरून वास्तूचा काल १९२९ धरणें चुकीचें आहे. मोंजुइकवरील तें प्रदर्शन मे १९२९ मध्यें उघडलें व जानेवारी १९३० मध्यें संपलें; रज्जुमार्ग सुरू झाला तो सप्टेंबर १९३१ मध्यें. दरम्यान राज्यच पालटलें होतें. प्रदर्शनाचें उद्घाटन करणारा राजा तेरावा आल्फोन्सो एप्रिल १९३१ मध्यें देश सोडून गेला व प्रजासत्ताक जाहीर झालें. तेव्हां ‘प्रदर्शनकालीन’ एवढीच नोंद करणारा लेखक प्रजासत्ताकांत चालू झालेली वास्तु राजाच्या खातीं जमा करतो. मनोऱ्याचें नांवहि साह्यास येत नाहीं. कारण तें तेराव्या शतकांतील आरागोनच्या राजाचें आहे.

या मार्गाचा योजक कार्लेस बुइगास. त्याचा पिता गायेता बुइगास यानें योजिलेला कोलंबसाचा स्तंभ याच बंदराच्या कांठीं आहे. तो १८८८ च्या प्रदर्शनासाठीं योजिला व तें चालू असतांच त्याचें उद्घाटन झालें. तेथें हेतु व काल यांचा मेळ बसतो. पुत्राच्या वांट्यास तें भाग्य आलें नाहीं. १९२९ च्या प्रदर्शनांत त्याचें नांव झालें तें टेकडीच्या पायथ्याशीं केलेल्या कारंज्यामुळें. एकाच घरांतील या दोन कृति शेजारीं ठेवल्या म्हणजे अनुमानाचा धोका स्पष्ट दिसतो.

पुढें यादवी युद्धांत (१९३६–३९) मार्ग बंद पडला, आणि जाउमे मनोऱ्याचा उपयोग टेहळणीसाठीं झाला. डबे पुन्हा धांवूं लागले ते १९६३ मध्यें. यास्तव या वास्तूची नोंद संकल्प, आरंभ व पुनरारंभ अशा तीन कालांनीं करावी, असें आमचें मत आहे.

रज्जुसर्पन्यायांत दोर खरा व साप भासमान असतो. येथें दोर खरा, सालाचा मात्र भास. हेतु हा कालाचा पुरावा नव्हे. ‘अमुकाच्या राज्यारोहणासाठीं रचिलेला ग्रंथ’ असा उल्लेख आपल्या संग्रहांतील एखाद्या पोथींत आढळल्यास, ग्रंथ पुरा होईतों तो राजा गादीवर राहिला होता काय, हें विचारल्यावांचून शक लिहूं नये, इतकीच आमची विनंति आहे.