वेबपेजवर लिंक आपोआप कशा येतात? जावास्क्रिप्टने लिंक जोडण्याची पद्धत, उपयोग आणि धोके

फेसबुक किंवा इन्स्टाग्राम उघडून बोट वर सरकवत राहिले की पोस्ट संपतच नाहीत. प्रत्येक पोस्टमधले नाव, फोटो, हॅशटॅग यावर टॅप करता येते, म्हणजे त्या सगळ्या लिंकच असतात. पण पेज उघडले तेव्हा यातल्या बहुतेक लिंक त्यात नव्हत्याच. पेज सुरू असतानाच स्क्रिप्टने त्या तयार करून जोडल्या. यालाच डायनॅमिक पद्धतीने लिंक जोडणे म्हणतात. हे काम कसे चालते हे कळले, की फसव्या लिंक ओळखणेही सोपे जाते.

लिंक म्हणजे नेमके काय?

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला आणि १९९१ मध्ये वेब जगासाठी खुले झाले. तेव्हापासून लिंकची रचना फारशी बदललेली नाही. एचटीएमएल भाषेत 'ए' नावाचा टॅग असतो. 'ए' म्हणजे अँकर. त्याचे दोन मुख्य भाग असतात:

- दिसणारा मजकूर: उदा. 'निकाल पाहा'
- पत्ता: क्लिक केल्यावर कुठे जायचे ते. तो 'एचरेफ' या गुणधर्मात लिहिलेला असतो.

या दोन भागांचा एकमेकांशी जुळणारा संबंध असलाच पाहिजे, असे कोणतेही बंधन नाही. डोळ्यांना बँकेचा पत्ता दिसत असेल आणि एचरेफमध्ये भलताच पत्ता असेल, तरी ब्राउझर तक्रार करत नाही. लिंकच्या बहुतेक फसवणुकींचे मूळ इथेच आहे.

स्क्रिप्ट पेजमध्ये बदल कसा करते?

ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्टची पहिली आवृत्ती अवघ्या दहा दिवसांत तयार केली. ब्राउझर पेज वाचताना त्याची एक वंशावळ मांडतो. सर्वात वर पूर्ण दस्तऐवज, त्याखाली विभाग, त्याखाली परिच्छेद, त्यात लिंक. या वंशावळीला 'डॉम' म्हणतात. सुरुवातीला प्रत्येक ब्राउझरची रीत वेगळी होती. १९९८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने डॉमचे पहिले प्रमाण जाहीर केले.

स्क्रिप्टने या वंशावळीत नवे अपत्य जोडले, की ते लगेच स्क्रीनवर दिसते. पेज पुन्हा लोड करावे लागत नाही.

लिंक जोडण्याच्या चार पायऱ्या

समजा, एका शाळेच्या साइटवर सूचनांची यादी आहे आणि तिच्यात 'सहलीचे वेळापत्रक' ही नवी लिंक जोडायची आहे.

१. घटक तयार करणे: 'क्रिएट-एलिमेंट' ही आज्ञा देऊन 'ए' टॅग बनवला जातो.
२. पत्ता देणे: त्याच्या एचरेफमध्ये वेळापत्रकाच्या पानाचा पत्ता भरला जातो.
३. मजकूर देणे: 'टेक्स्ट-कंटेंट' या गुणधर्मात 'सहलीचे वेळापत्रक' हे शब्द भरले जातात.
४. यादीत जोडणे: 'अपेंड' किंवा 'अपेंड-चाइल्ड' या आज्ञेने ती लिंक यादीच्या शेवटी बसवली जाते.

चौथी पायरी राहिली, तर लिंक फक्त ब्राउझरच्या मेमरीत असते, पेजवर दिसत नाही. नवशिक्यांकडून ही चूक हमखास होते.

सूचना चाळीस असतील, तर याच चार पायऱ्या लूपमध्ये चाळीस वेळा चालतात. सूचनांची माहिती सर्व्हरवरून 'फेच' या सोयीने मागवता येते. २००५ मध्ये या तंत्राला 'अजॅक्स' हे नाव मिळाले. पेज न बदलता नवी माहिती आणण्याच्या याच पद्धतीवर न संपणारी फीड उभी आहे.

चॅटमध्ये लिंक आपोआप का निळी होते?

मेसेजमध्ये पत्त्यासारखे काही दिसले, की अॅप स्वतःच त्याची लिंक करते. शब्द, मग टिंब, मग डोमेनचा ओळखीचा शेवट, असा साचा ते शोधते. त्यातून गंमतही होते. रोमन लिपीत मराठी टाइप करताना पूर्णविरामानंतर जागा सोडली नाही आणि पुढचा शब्द 'तो' असला, तर तिथे लिंक तयार होऊ शकते. कारण 'टी-ओ' हा टोंगा या देशाच्या डोमेनचा शेवट आहे. 'मी' हा शब्द 'एम-ई' असा लिहिला तरी तेच, तो शेवट मॉन्टेनेग्रोचा आहे. म्हणजे निळी दिसणारी प्रत्येक लिंक पाठवणाऱ्याने मुद्दाम दिलेली असतेच असे नाही.

धोका कुठे आहे?

*१. इनर-एचटीएमएलचा शॉर्टकट.* वरच्या चार पायऱ्यांऐवजी पूर्ण टॅग एका ओळीत लिहून 'इनर-एचटीएमएल'मध्ये भरता येतो. काम पटकन होते. पण तो मजकूर कोणा वापरकर्त्याने लिहिलेला असेल, तर त्यात लपवलेला कोडही चालू शकतो. वापरकर्त्याच्या मजकुरातून आलेला कोड चालला की काय होते, हे ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेस या सोशल साइटवर दिसले. सॅमी कामकार या तरुणाने आपल्या प्रोफाइलमध्ये जावास्क्रिप्ट दडवली. ते प्रोफाइल पाहणाऱ्याच्या खात्यातून सॅमीला फ्रेंड रिक्वेस्ट जाई आणि तोच कोड पाहणाऱ्याच्या प्रोफाइलमध्येही उतरत असे. सुमारे २० तासांत दहा लाखांहून जास्त प्रोफाइलमध्ये तो पसरला. म्हणून परक्या मजकुरासाठी टेक्स्ट-कंटेंट वापरतात. त्यात काहीही आले तरी ब्राउझर ते साधा मजकूर समजतो.

*२. पत्त्याच्या जागी कोड.* एचरेफमध्ये 'जावास्क्रिप्ट' हा शब्द आणि अपूर्णविराम (कोलन) लिहून पुढे कोड देता येतो. अशा लिंकवर क्लिक केले, की पान उघडण्याऐवजी कोड चालतो. त्यामुळे वापरकर्त्याने दिलेला पत्ता 'एचटीटीपी' किंवा 'एचटीटीपीएस'ने सुरू होतो का, हे साइटने तपासूनच लिंक करायला हवी.

*३. ऐनवेळी बदलणारा पत्ता.* माउस लिंकवर नेला की ब्राउझरच्या खालच्या कोपऱ्यात पत्ता दिसतो. पण बटण दाबले जाते त्या क्षणी स्क्रिप्ट एचरेफ बदलू शकते. गूगल सर्चने अनेक वर्षे क्लिक मोजण्यासाठी हीच युक्ती वापरली. फसवणारेही ती वापरू शकतात. म्हणून आधी दिसलेला पत्ता हा पक्का पुरावा नव्हे.

वापरकर्त्याने काय तपासावे?

- मोबाइलवर लिंक दाबून धरली की पूर्ण पत्ता दिसतो. आधी तो वाचा.
- पान उघडल्यावर अॅड्रेस बारमधला पत्ता पुन्हा पाहा. शेवटचा निर्णय त्यावरच घ्या.
- 'एचटीटीपीएस'नंतरच्या दोन तिरक्या रेषा सोडून पुढची पहिली तिरकी रेषा शोधा. तिच्या लगेच आधीचा भाग खरा मालक सांगतो. पत्ता 'बँकेचे-नाव डॉट अबक डॉट कॉम' असा असेल, तर ते पान बँकेचे नसून 'अबक डॉट कॉम'चे आहे.
- रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या डोमेनवर येण्यास सांगितले होते. बँकेच्या पानावर हा शेवट आहे का, ते पाहा.
- पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही. लिंक उघडून कोणी पिन मागत असेल, तर पान लगेच बंद करा.
- पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

नेहमी पडणारे प्रश्न

नवी लिंक दिसते, पण क्लिकवर ठरवलेले काम होत नाही. का?
क्लिकची सूचना पेज उघडताना तेव्हाच्या लिंकना दिलेली असते. नंतर आलेल्या लिंकना ती मिळत नाही. उपाय म्हणून सूचना पूर्ण यादीला द्यावी. लिंकवरचा क्लिक यादीपर्यंत पोहोचतो, त्यामुळे जुन्या-नव्या सगळ्या लिंक चालतात.

स्क्रिप्टने जोडलेल्या लिंक गूगलला सापडतात का?
'ए' टॅग आणि एचरेफ असेल, तर सापडू शकतात. नुसत्या क्लिकवर चालणारे बटण गूगल लिंक म्हणून धरत नाही. शिवाय गूगलचा बॉट माणसासारखा स्क्रोल करत नाही, त्यामुळे स्क्रोल केल्यावरच येणाऱ्या लिंक त्याच्या नजरेतून सुटू शकतात.

बटणाला लिंकसारखे रूप दिले तर काय बिघडते?
स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध व्यक्तीला ती लिंक आहे हे कळत नाही. दाबून धरून पत्ता पाहण्याची सोयही राहत नाही. दुसऱ्या पानावर न्यायचे असेल, तर खरी लिंकच द्यावी.