खडीच्या रासायनिक परीक्षेचा इतिहास

काँक्रीटमधील खडी व वाळू ही केवळ भर घालणारी, निष्क्रिय द्रव्ये होत, ही समजूत स्थापत्यशास्त्रात दीर्घकाळ रूढ होती. दगड कठीण व स्वच्छ आढळला की परीक्षकाचे काम संपे. कॅलिफोर्नियातील सॅलिनास खोऱ्यात पुलांच्या काँक्रीटला पडलेल्या तड्यांनी ही समजूत मोडली. तेथील महामार्ग विभागातील टॉमस स्टँटन यांनी १९४० साली असे दाखवून दिले की, स्थानिक खडी-वाळूतील विशिष्ट सिलिकायुक्त द्रव्ये व सिमेंटमधील अल्क यांच्यात रासायनिक क्रिया होऊन काँक्रीट फुगते. या क्रियेत जेलीसारखा पदार्थ निर्माण होतो व तो पाणी शोषून प्रसरण पावतो. सिमेंटमधील अल्कांचे प्रमाण ०.६ टक्क्याच्या आत ठेवावे, हा पुढे रूढ झालेला नियम याच संशोधनातून निघाला.

स्टँटन यांची रीत सरळ होती. संशयित वाळूच्या मॉर्टरच्या कांड्या पाडाव्यात, त्या दमट जागी बंद ठेवाव्यात आणि त्यांची लांबी वेळोवेळी मोजावी. तिच्यातूनच अमेरिकेतील प्रमाणित कसोटी तयार झाली. तीत ३८ अंश सेल्सियस तापमानावर सहा महिन्यांत ०.१० टक्क्याहून अधिक वाढ झाल्यास दगड संशयास्पद मानला जाई. परंतु धरणाचे काम खोळंबले असता सहा महिने कोण थांबणार? म्हणून १९४७ साली मिलेंझ व त्यांचे सहकारी यांनी एका दिवसाची रासायनिक कसोटी सुचविली. दगडाचा चुरा दाहक सोड्याच्या द्रावणात ८० अंशांवर चोवीस तास ठेवावयाचा, मग किती सिलिका विरघळली व द्रावणाची अल्कता किती घटली हे मोजावयाचे. ओपलसारख्या शीघ्र विरघळणाऱ्या खनिजांसाठी ती उपयुक्त होती. अन्य दगडांबाबत मात्र तिच्या ‘निर्दोष’ या निकालावर नको तितका विश्वास ठेवला गेला.

याचा प्रत्यय कॅनडात आला. किंग्स्टन येथील मातीमिश्रित डोलोमाइटी चुनखडीचे काँक्रीट फुगून तडकले असता, हा दगड प्रचलित अमेरिकी कसोट्यांत सापडत नाही, असे स्वेन्सन यांनी १९५७ साली नोंदविले. त्यांनी कांड्यांऐवजी खऱ्या खडीचे काँक्रीट घेऊन त्याचे प्रसरण मोजले. त्या दगडाच्या क्रियेचे नेमके स्वरूप अद्यापि वादग्रस्त आहे. पण कसोटी ज्या दगडावरून घडली त्याच जातीचे दोष ती ओळखते, हे तेव्हा उघड झाले.

भारतीय मानकाने १९६३ साली मॉर्टरच्या कांड्या व रासायनिक कसोटी या दोन्ही पद्धती स्वीकारल्या. पुढे १९७३ साली गोगटे यांनी भारतीय खडकांचे परीक्षण प्रसिद्ध करून ग्रॅनाइट व नाइस यांमधील ताण पडलेल्या क्वार्ट्‌झकडे लक्ष वेधले. असा क्वार्ट्‌झ मंदगतीने क्रिया करतो, त्यामुळे अल्प मुदतीच्या परीक्षेत तो सहज निसटतो. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्याची खूण दिसते. दख्खनच्या बेसाल्टातील पोकळ्यांत आढळणारी कॅल्सेडोनी लक्षात घेता महाराष्ट्रातील खाणींनाही हे निरीक्षण आवश्यकच होय.

दक्षिण आफ्रिकेत ओबरहोल्स्टर व डेव्हिस यांनी १९८६ साली कांड्या ८० अंशांच्या दाहक द्रावणात बुडवून चौदा दिवसांत निकाल देणारी पद्धत मांडली. ती इतकी कठोर आहे की काही चांगले दगडही तीत नापास होतात. म्हणून तिच्या निकालाबद्दल संशय उरल्यास काँक्रीटच्या ठोकळ्यांची वर्षभराची परीक्षा करतात. एका दिवसाची ती जुनी रासायनिक कसोटी अमेरिकी मानकसंस्थेने २०१६ साली मागे घेतली.