जहाजावरील वीजयंत्रणा आणि बिनतारी संवेदकांची सुरक्षितता

भर समुद्रातील जहाजाला बाहेरून वीज मिळण्याची कोणतीही सोय नसते. सुकाणू, दिशादर्शक उपकरणे, इंजिनाचे पंप, अग्निशमन यंत्रणा हे सारे जहाजावरच्या जनित्रांवर अवलंबून असते. मालवाहू जहाजांवर ही वीज बहुधा ४४० व्होल्ट दाबाने, तर मोठ्या प्रवासी जहाजांवर ६,६०० किंवा ११,००० व्होल्ट दाबाने पुरविली जाते. मुख्य पुरवठा खंडित झाल्यास आणीबाणीच्या जनित्राने ४५ सेकंदांच्या आत भार उचलला पाहिजे, असे सागरी सुरक्षाविषयक 'सोलास' कराराचे बंधन आहे. अरुंद जलमार्गात मात्र तेवढा अवधीही जास्त ठरू शकतो.

२६ मार्च २०२४ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे 'डाली' या मालवाहू जहाजाची वीज गेली आणि ते फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळले. पुलावर काम करणारे सहा कामगार मृत्युमुखी पडले. जहाजावरील बहुतेक कर्मचारी भारतीय होते. एका तारेवरील नावपट्टी चुकीच्या पद्धतीने बसविल्यामुळे ती तार जोडणीत नीट बसली नव्हती आणि ती सैल पडल्याने वीज गेली, असा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये काढला.

असे दोष वेळीच लक्षात यावेत म्हणून स्विचबोर्ड, रोहित्रे व मोटारी यांवर तापमान, विद्युतप्रवाह आणि कंपने मोजणारे संवेदक बसविले जातात. प्रत्येक संवेदकासाठी तार ओढायची म्हटली, की पोलादी आडभिंतींना छिद्रे पाडून ती पुन्हा जलरोधक व अग्निरोधक करावी लागतात. बिनतारी संवेदकांचे आकर्षण आहे ते यामुळे. पोलादी भिंतींवरून रेडिओ लहरी परावर्तित होतात. तरीही दरवाजांच्या फटी आणि वायुवीजनाचे मार्ग यांतून त्या काही प्रमाणात पलीकडे जातात, आणि एका संवेदकाने दुसऱ्याकडे संदेश सोपवीत तो नियंत्रण कक्षापर्यंत पोहोचविता येतो.

पोलादी कवचामुळे हे जाळे आपोआप सुरक्षित राहते, ही समजूत खरी नव्हे. बंदरात दरवाजे उघडे असतात. दुरुस्तीचे तंत्रज्ञ आणि मालाची चढउतार करणारे कामगार जहाजावर ये-जा करीत असतात. हल्लेखोराचे छोटे उपकरण आतच ठेवलेले असेल तर कवच त्याला अडवू शकत नाही.

अशा जाळ्यांपैकी बरीचशी 'आय-ट्रिपल-ई ८०२.१५.४' या २००३ सालच्या मानकाच्या आधारे चालतात. यातील संदेशचौकट मूळच्या रचनेत अवघी १२७ बाइटची असते आणि संवेदक वर्षानुवर्षे एकाच बॅटरीवर चालवायचा असतो. त्यामुळे सुरक्षेवर खर्च होणारा प्रत्येक बाइट मोजून द्यावा लागतो. मानकात १२८ बिटांच्या 'एईएस' कूटलेखनाची सोय आहे. परंतु संदेश गुप्त राखणे आणि तो खरा असल्याची खात्री करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वीजयंत्रणेच्या बाबतीत दुसरी अधिक महत्त्वाची म्हणावी लागेल. एखाद्या मोटारीचे तापमान परक्याला कळले तर फारसे बिघडत नाही. कालचे सर्वसाधारण तापमान आज पुन्हा पाठविले गेले, तर तापत चाललेली मोटार कोणाच्या ध्यानातच येणार नाही. म्हणून प्रत्येक संदेशाला सत्यतेची खूण आणि चढता अनुक्रमांक जोडणे आवश्यक ठरते.

खरी गोम गुप्त किल्ल्यांच्या व्यवस्थेत आहे. साऱ्या जाळ्यासाठी एकच किल्ली वापरली, तर एक संवेदक चोरून उघडला की संपूर्ण जाळे हाती येते. 'झिगबी' प्रणालीत नव्या उपकरणाला सामावून घेण्यासाठीची एक ठरावीक किल्ली तर जगजाहीर आहे. रेडिओ लहरी मुद्दाम कोंडून टाकण्याच्या हल्ल्यावर कूटलेखनाचा काहीच उपयोग नाही. त्यासाठी 'वायरलेस हार्ट'सारख्या प्रणाली सतत वाहिनी बदलत राहतात.

संवेदक मूक झाला तर काय घडते, याचे उदाहरण 'क्वीन मेरी २' या प्रवासी जहाजाने दाखविले. २३ सप्टेंबर २०१० रोजी बार्सिलोनानजीक त्यावरील एका कपॅसिटरचा स्फोट होऊन वीज गेली आणि जहाज सुमारे तासभर वाहत राहिले. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. कपॅसिटरच्या ऱ्हासाचा इशारा देणारी यंत्रणा कित्येक वर्षे बंद होती, असे ब्रिटिश सागरी अपघात अन्वेषण शाखेच्या तपासात आढळले. तिथे हल्लेखोर नव्हता. पण संवेदकाचा आवाज बंद करणाऱ्या हल्लेखोराला नेमके हेच साधायचे असते. यास्तव संदेश न येणे हीदेखील धोक्याची सूचना मानली पाहिजे. जनित्रातून निघालेला प्रवाह आणि निरनिराळ्या शाखांत गेलेला प्रवाह यांचा मेळ घालून पाहिला, तर खोटे आकडेही उघडे पडू शकतात. सर्किट ब्रेकर तोडण्याची आज्ञा मात्र तारेवरूनच जावी, हे उत्तम.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१७ च्या ठरावाद्वारे सायबर जोखमीचा समावेश जहाजांच्या सुरक्षा व्यवस्थापनात करण्यास सांगितले. जहाज वर्गीकरण संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे 'ई-२६' व 'ई-२७' हे नियम १ जुलै २०२४ पासून बांधणीचा करार झालेल्या जहाजांना लागू आहेत. त्यापूर्वीच्या जहाजांवर ते बंधनकारक नाहीत, आणि मागाहून बिनतारी संवेदक बसविण्याचा मोह अशाच जुन्या जहाजांच्या मालकांना अधिक होतो.