हंसांची वाट आणि मामा तलाव

१/७
भंडाऱ्याला समुद्र नाही, म्हणून दीपगृहही नाही. तरीही हिमालय ओलांडून येणारे हंस हिवाळ्यात या भागातील तलावांवर उतरतात. हे तलाव आले कुठून? आजचा धागा त्याविषयी.

२/७
हा हंस म्हणजे पट्टकादंब. त्याची वीण मंगोलिया, तिबेट, लडाखच्या पाणथळ प्रदेशांत होते. उपग्रहाच्या साहाय्याने केलेल्या अभ्यासात तो ७,२०० मीटरहून अधिक उंचीवर उडताना आढळला. प्रौढाच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. पहिल्या हिवाळ्यातील पिल्लांना ते नसतात. ही पिल्ले आईबापांसोबत उडूनच वाट शिकतात.

३/७
त्यांचे मुक्कामाचे तलाव मात्र बहुतांशी मानवनिर्मित आहेत. गोंड राजवटीत कोहळी समाजाने धान आणि उसासाठी ते बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव परंपरेने कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडला जातो. १९९९ पर्यंत तो भंडारा जिल्ह्यातच होता. आज गोंदियात आहे.

४/७
टेकड्यांमधला उतार हेरून मातीची पाळ घालायची, जादा पाण्याला सांडवा ठेवायचा, पाटाने बांध्या भिजवायच्या: ही त्यांची विद्या. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथानेही तिची दखल घेतली.

५/७
इंग्रजी अमलात गावांची मालकी मालगुजारांकडे गेली आणि तलावही त्यांचे ठरले. मध्यप्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने ही मालकी संपवली; ३१ मार्च १९५१ पासून तलाव शासनाचे झाले. ‘माजी मालगुजारी’ची आद्याक्षरे जुळून त्यांना ‘मामा तलाव’ हे नाव पडले.

६/७
मालगुजारी जाणे न्याय्यच होते. परंतु पाळ कधी दुरुस्त करावी, गाळ कधी काढावा, हे ठरवणारी गावची व्यवस्थाही तिच्यासोबत विस्कटली. कालांतराने मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे गेले. अनेक तलाव गाळाने उथळ झाले, बेशरमाच्या झुडपांनी वेढले गेले.

७/७
अलीकडे अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढीवर समाजाच्या स्त्रियांनी बेशरम उपटून, स्थानिक पाणवनस्पती लावून काही तलाव पुन्हा जिवंत केले. कोणती वनस्पती माशांना हवी, हे ज्ञान त्यांच्या घरांतच होते. हंसांची वाट एका पिढीकडून दुसरीकडे जाते. तलावाची विद्याही तशीच जाते. मधली एक पिढी गळाली, तर पाळ उभी राहते, पण ती राखायची कशी हे सांगणारे कोणी उरत नाही. तुमच्या गावात मामा तलाव असेल, तर त्याच्या पाळीची गोष्ट आजीआजोबांना आजच विचारा.