नवेगावबांधचा तलाव कोणी बांधला, कोणी राखला?



गेल्या हिवाळ्यात आमच्या प्रभागातल्या गटांच्या बाया मिळून नवेगावबांधला सहलीला गेलो. दोन काळ्यापिवळ्या केल्या, शिदोऱ्या बांधल्या आणि भल्या पहाटे निघालो. कोहमाऱ्याच्या फाट्यावरून गाडी आत वळली आणि दोन्ही बाजूंना जंगल लागले. तलावाच्या पाळीवर चढलो, तर समोर पाणीच पाणी, पाण्यापलीकडे डोंगर, आणि मधे थव्याने बसलेली पाखरे. आमच्यातली एक आजी हात जोडून म्हणाली, "देवानं केवढा तलाव देला वो!" तिच्या सुनेने विचारले, "देवानं देला, तं मंग ही पाळ कोणं घातली?"

त्या प्रश्नावर आम्ही पाळीवरच बसलो. आजचे बोलणे त्याच प्रश्नाबद्दल आहे.

नवेगावबांध गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी-मोरगाव तालुक्यात येते. इथला तलाव निसर्गाने केलेला नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असे इंग्रजांच्या काळातल्या नोंदींतही लिहिले आहे. त्या नोंदींत तलावाचा घेर १७ मैल दिला आहे. तलावाभोवतीच्या डोंगरांना लोक सात बहिणी म्हणतात. या बहिणींनी कोलू पाटलांना मदत केली, अशी श्रद्धा आहे. पुढे कोलू पाटलांचाच देव झाला आणि लोक त्याला कोलासूर म्हणून पुजू लागले.

त्या काळी या भागावर चांद्याच्या गोंड राजांची सत्ता होती. कोहळी लोकांना काशीकडून गोंड राजानेच आणून इथे वसवले, असे ते सांगतात. जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखालची जमीन मिळायची, असेही जुने लोक सांगतात. कोहळ्यांना ऊस आणि धान पिकवायचे होते. इथे पाऊस भरपूर पडतो, पण धान निसवायच्या वेळी तो दडी मारतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. म्हणून त्यांनी डोंगरांमधली उतरती जागा हेरली आणि माती-दगडाची पाळ घालून पाणी अडवले. शेताला पाणी सोडायला तुडूम केले. जास्तीचे पाणी निघून जावे म्हणून सलंग ठेवला. वरच्या तलावाच्या सलंगातून निघालेले पाणी खालच्या तलावात जायचे, तिथून बोडीत, बोडीतून बांधीत. इंजिनियर नव्हते, मोजायची यंत्रे नव्हती, तरी भंडारा-गोंदियात असे हजारो तलाव झाले. सिवनीबांध आणि सिरेगावबांधही कोहळ्यांनीच बांधलेले.

पण मैत्रिणींनो, एकट्या पाटलाने पाळ होत नाही. माती खणणारे, टोपल्या वाहणारे, दगड रचणारे शेकडो हात लागले असतील. रोजगार हमीच्या कामावर आज निम्म्याहून जास्त बाया दिसतात. मग तेव्हा टोपल्या कोणाच्या डोक्यावर असतील, याचा अंदाज आपण बांधू शकतो. त्यांची नावे कुठल्या कागदावर नाहीत आणि त्यांचा देवही झाला नाही.

इंग्रजांच्या अमलात गावाचा मालगुजार तलावाचा मालक ठरला. म्हणून आजही आपण त्यांना माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात मामा तलाव म्हणतो. तो काळ सोन्याचा होता असे म्हणायचे नाही. गरिबांना मालगुजाराकडे बिनमजुरीची बेगार करावी लागे, हे आपल्या आज्यांनी सोसलेले आहे. पण दर उन्हाळ्यात पाळीवर माती पडायची, तुडूम साफ व्हायचे आणि पाण्याची पाळी ठरायची. कोणाचा काय हक्क, हे वाजिब-उल-अर्जमध्ये लिहिलेले असे.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. तेव्हा आपला भाग मध्य प्रदेशात होता. बेगार संपली, हे चांगलेच झाले. तलाव सरकारचे झाले. पण पाळीवर माती कोण टाकणार, हे मात्र कोणाच्याच अंगावर राहिले नाही. गाळ साचत गेला. काठाने बेशरम माजली.

त्यानंतर १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि १९७५ साली नवेगावचे जंगल राष्ट्रीय उद्यान झाले. क्षेत्र सुमारे १३४ चौरस किलोमीटर. २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. मारुती चितमपल्ली इथे वनाधिकारी होते आणि इथल्या पाखरांवर, जंगलावर त्यांनी पुष्कळ लिहिले. ते लिहिताना गावच्या माधवराव पाटलांकडून आपण काय काय शिकलो, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले.

उद्यान झाल्याने जंगल वाचले. कुऱ्हाड थांबली, शिकार थांबली, म्हणूनच आम्हाला तो थवा दिसला. पण त्याची किंमतही कोणीतरी मोजली. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारता येत नाहीत. आतल्या काही गावांना पुढे उठून बाहेर वसावे लागले. आपण तिकीट काढून एक दिवस जिथे हिंडतो, तिथे कोणाच्या तरी आजीने मोहफुले वेचली होती, हे विसरू नये.

याच तालुक्यातल्या ढीवर बायांची गोष्टही सांगायला हवी. ढीवरांचे पोट मासोळीवर. तलाव बिघडले, तशी देशी मासोळी कमी झाली. नुसते बाहेरून आणलेले बीज सोडून भागेना. मग बायांनी गट केले आणि तलावात उतरून बेशरम उपटली. उन्हाळ्यात तलावाची कोरडी जमीन नांगरली. पाणी भरल्यावर पूर्वीच्या पाणवनस्पती शोधून आणून लावल्या. ही झाडे म्हणजे मासोळीचे खाणे, अंडी घालायची जागा आणि पाखरांचाही चारा. कोणत्या मासोळीला कोणते झाड लागते, हे ज्ञान त्यांच्या घरातच होते. मासोळी परत वाढू लागली. तलाव राखणे म्हणजे काय, ते त्यांनी करून दाखवले.

सहलीहून परत येताना गाडीत गाणी झाली, तशी भांडणेही झाली. आमच्यातल्या एका गावचा तलाव गाळाने निम्मा भरला आहे. गटाने अर्ज दिला होता, त्याचे उत्तर आले नाही. काही जणी म्हणाल्या, तिथे बगिचा आणि नाव मागू, म्हणजे लोक फिरायला येतील, दुकान लागेल. दुसऱ्या म्हणाल्या, आधी गाळ काढा, पाणीच नसेल तर नाव कुठे चालवणार? शेवटी दोन्ही मागायचे ठरले, पण गाळ आधी.

तुम्हीही पुढच्या बैठकीत आपल्या तलावाचा विषय घ्या. तीन गोष्टी करता येतील. पहिली, तलाठ्याकडे गावचे निस्तार पत्रक पाहायला मागा. दुसरी, तलाव कोणाकडे आहे ते विचारा. १०० हेक्टरपर्यंत ओलीत करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे असतात, त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे. अर्ज बरोबर दारात गेला पाहिजे. तिसरी, २००६ च्या वनहक्क कायद्यात वनहक्कदारांना पाण्यातली मासोळी आणि इतर उपज यांवर सामूहिक हक्क मागता येतो. तो दावा ग्रामसभेतून जातो, आणि ग्रामसभेत आपणच बसतो.

आणि सहलीला जरूर जा. नवेगावबांधला हिवाळ्यात जा, पाखरे तेव्हाच जास्त येतात. पाण्याकाठी प्लास्टिक टाकू नका, आरडाओरड करू नका. पाळीवर चढलात की घटकाभर थांबा. पायाखालची माती कोणीतरी डोक्यावरून आणून टाकली आहे. त्या आजीने परत निघताना वाकून पाळीला हात लावला आणि कपाळाला लावला. आम्हीही लावला.

येते मैत्रिणींनो. पुढच्या वेळी तुमच्या तलावाची खबर सांगा.