डिस्कच्या नावातली केबल

नव्वदच्या दशकात लिनक्सच्या पडद्यावर ‘एचडीए’ दिसलं की पुढे काही विचारायची गरज नसे. डिस्क आयडीईची, मदरबोर्डच्या पहिल्या रिबनला लावलेली आणि जंपर ‘मास्टर’वर. ‘एचडीबी’ म्हणजे त्याच रिबनवरची ‘स्लेव्ह’. अख्ख्या मशीनमध्ये एकच डिस्क असो, ती दुसऱ्या रिबनवर ‘मास्टर’ असेल तर ‘एचडीसी’च. सर्व्हरमधल्या महागड्या स्कझी डिस्कना ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावं सापडतील त्या क्रमाने मिळत. पहिल्याच अक्षरात इंटरफेस कळायचा.

साटा हा नवा इंटरफेस आल्यावर हे मोडलं.

साटाचं पहिलं मानक ऑगस्ट २००१मधलं. जेफ गार्झिक यांनी या डिस्कसाठी ‘लिबएटीए’ ही लायब्ररी लिहिली आणि ती कर्नेलच्या स्कझी थरावर बसवली. कमांडची रांग लावणं, चुका निस्तरणं ही कामं तिथे आधीपासूनच होत होती. ती पुन्हा कशाला लिहायची? निर्णय शहाणपणाचाच होता. पण त्यामुळे साटा डिस्क ‘एसडीए’ झाली आणि त्याच थरातून येणारा यूएसबी पेनड्राइव्ह ‘एसडीबी’. पुढे आयडीई डिस्कही लिबएटीएकडे गेल्या. २००७च्या फेडोरा ७वर अपग्रेड करणाऱ्यांच्या एफएसटॅब फाइलमध्ये ‘एचडीए’ लिहिलेलं, आणि त्या नावाची डिस्कच जागेवर नाही! लेबल किंवा यूयूआयडीने डिस्क ओळखण्याची सवय अशा धक्क्यांतूनच पक्की झाली. नावं अशी सारखी असल्याने ‘डीडी’ कमांडने पेनड्राइव्हवर इमेज चढवताना एक अक्षर चुकलं, तर शेजारच्या डिस्कवरचा वर्षानुवर्षांचा डेटा जातो.

आता नावातून गेलेली माहिती ‘एलएसबीएलके’ कमांड परत देते. तिला ‘-ओ नेम,ट्रॅन’ जोडलं की नावाशेजारी ट्रान्सपोर्टचा रकाना येतो: एसडीएपुढे साटा, एसडीबीपुढे यूएसबी.

एनव्हीएमई या एसएसडीच्या इंटरफेसने मात्र वेगळी वाट धरली. १ मार्च २०११ला त्याचं पहिलं मानक आलं, आणि मॅथ्यू विलकॉक्स यांचा ड्रायव्हर २०१२च्या ३.३ कर्नेलमध्ये दाखल झाला. त्याने स्कझी थर पूर्ण टाळला. साटाच्या एएचसीआयमध्ये दर पोर्टला ३२ कमांडची एकच रांग. एनव्हीएमईत रांगाच हजारोंनी ठेवता येतात, त्या जुन्या थरातून कशाला न्यायच्या? म्हणून नावही स्वतंत्र: ‘एनव्हीएमई०एन१’, म्हणजे शून्य क्रमांकाचा कंट्रोलर आणि त्याचा पहिला नेमस्पेस. इंटरफेस पुन्हा नावात आला. ‘एचडीए’ हे नाव देणारा आयडीईचा मूळ ड्रायव्हर मात्र ऑगस्ट २०२१मध्ये ५.१४ कर्नेलमधून काढला गेला.

गोंधळ उरला तो एम.२च्या पट्टीचा. लॅपटॉप उघडून पाहिलं तरी एम.२ एसएसडी साटाची की एनव्हीएमईची, हे आकारावरून कळत नाही. दोन्ही एकाच मापाच्या मिळतात. चालू मशीनवर साटाची असेल तर ती ‘एसडीए’सारख्या नावाने दिसते आणि ट्रॅनच्या रकान्यात ‘साटा’ येतं.